आईच्या दारातला रॅम्प

हार्लन क्रॉसिंग, टेक्सस
६ मे १९८५

ती. लूशसदादास,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे. साखरेने पाय गेला, आवाज मात्र शाबूत आहे. चाकांच्या खुर्चीतून दिवसभर हुकूम सोडते.

पण घरात एक घोळ झालाय आणि तो माझ्या हातून झाला. माझ्या लव्हेलला फुटबॉलसाठी कॉलेजने घेतलं, शिक्षण फुकट, हे तुला कळवलंच होतं. फेब्रुवारीत लाकडाच्या वखारीचे मिस्टर हॅस्केल आले आणि एका दुपारात आईच्या खुर्चीसाठी दाराशी लाकडी उताराचा रॅम्प बांधून गेले. मग आपल्या रिवाजाप्रमाणे मी चर्चच्या रविवारच्या पत्रकात सगळ्यांचे नावानिशी आभार छापले. एक नाव राहिलं तर इथे वर्षभर तोंड फिरवतात, तुला ठाऊक आहे. कोंबडी तळून आणणाऱ्या सिस्टर व्हर्नीसनंतर लिहिलं, ‘आमच्या लव्हेलच्या कौतुकापोटी मिस्टर हॅस्केल यांनी रॅम्प बांधला.’

हॅस्केल त्याच कॉलेजचे जुने विद्यार्थी, संघाचे मोठे पाठीराखे. कोणीतरी पत्रक कॉलेजांच्या क्रीडा नियमांच्या कचेरीत धाडलं. पाठीराख्यांनी खेळाडूला किंवा त्याच्या घरच्यांना काही द्यायचं नाही, असा त्यांचा नियम म्हणे. टाय लावलेले दोघे आले, माझ्या ओळीखाली लाल रेघ मारलेली. विचारत होते, पोरगा खेळत नसता तर त्यांनी रॅम्प बांधला असता का? मी म्हटलं, मला काय माहीत? त्यांनी तेही लिहून घेतलं. आता निकाल लागेपर्यंत लव्हेलचं सगळं अधांतरी. खेळ गेला तर कॉलेजही गेलं.

दादा, आभार मानायचे नव्हते का?

गोंधळलेल्या बहिणीवर माया असू दे.
ओझेला

शिकागो
१४ मे १९८५

चि. ओझेलास,
अ. उ. आ.

तू काही चुकली नाहीस. सत्तर हजार माणसं तिकीट काढून तुझ्या पोराला धडका खाऊन आपटताना बघणार, त्याचा प्रशिक्षक तळ्याकाठी बंगला बांधणार, यात कोणालाच गैर काही दिसत नाही. एका पायाची म्हातारी स्वतःच्या दारातून उतरली, की मात्र नियम मोडला! रविवारी माझ्या चर्चच्या व्यासपीठावरून प्रवचनात मी हेच बोललो. लोक उभे राहिले.

घरी येऊन बसलो आणि मनात किडा शिरला. बाबा जन्मभर त्या वखारीत काळ्यांसाठीच्या मागच्या दाराने गेले. तेव्हा हॅस्केलला आपलं घर दिसत नव्हतं. आई त्याला याच फेब्रुवारीत कशी दिसली? रागावू नकोस. मी दोन्ही बाजूंनी ओरडू शकतो, म्हणून तर ओरडवत नाही.

लव्हेलला म्हणावं, धीर धर. आईला दटावायला मी आहेच.
लूशस

हार्लन क्रॉसिंग
२१ जुलै १९८५

ती. लूशसमामांस,
शि. सा. न.

निकाल लागला. मी खेळू शकतो, पण दिलेली वस्तू परत गेली पाहिजे. म्हणजे रॅम्प.

काल मीच तो उखडला. मिस्टर हॅस्केल फळ्या न्यायला स्वतः आले. मला म्हणाले, माझी हातोडी घे. हातोडी घेतली तर तोही लाभ होतो का, मला कळेना, म्हणून आमच्या मोडक्या पकडीनेच खिळे काढले. त्यांच्या डोक्यावर आमच्या कॉलेजची टोपी होती. ती काढून आजीला म्हणाले, माझी आई शेवटची चार वर्षं घराबाहेर पडली नाही. मामा, माणूस खोटं बोलताना असा दिसत नाही. पण टोपीही खरीच होती.

चर्चची माणसं दुसरा रॅम्प बांधायला निघाली. कॉलेजच्या माणसाने फोनवर विचारलं, त्यांच्यात संघाचा चाहता कोणी नाही ना? इथे कोण नाही? मी स्वतः बांधेन म्हटलं, तर गावात लाकडाची वखार एकच.

आज आजीला उचलून चर्चला नेलं. पायऱ्यांवर ती मोठ्याने म्हणाली, “अरे गाढवा, मी काखेत मारून पळायचा चेंडू नाही, नीट धर!” सगळं अंगण हसलं. आई हसली नाही. मी नऊ ऑगस्टला जाणार. त्यानंतरच्या रविवारी आजीला कोण नेणार, एवढंच ती विचारते. जाऊ नये असं वाटतं. मग आजीच शिव्या घालते.

काय करू ते कळवा. तुमचाच,
लव्हेल

शिकागो
२९ जुलै १९८५

चि. लव्हेलास,
आशीर्वाद.

तू जायचंस. मी नऊ तारखेच्या बसने येतोय, पुढचं पुढे बघू. इथल्या मंडळींना सांगितलंय, व्यासपीठ काही दिवस दुसऱ्याने सांभाळा.

सख्ख्या मुलाने आईला उचलून चर्चला नेलं तर नियमात बसतं का, हे त्या कचेरीत फोन करून विचारून घेतलं. त्या माणसाने मला थांबायला सांगितलं, आणि मी बराच वेळ फोन धरून उभा होतो. शेवटी म्हणाला, बसतं.

आजीला सांग, माझी कंबर दुखते, तेव्हा जरा कमी जेव.
तुझा मामा,
लूशस