आईच्या डोळ्यांचा रिपोर्ट

ताई, जय जिनेंद्र.

तुझा फोन आई स्पीकरवर ऐकते, म्हणून कागदावर लिहितोय. मी खुशाल आहे. लीड्सला थंडी लय, पण तुझी चटणी अजून पुरतेय. दाजींचा खोकला थांबला का?

आईच्या ऑपरेशनचा रिपोर्ट मी इथल्या इंग्रजीच्या वर्गात नेला होता. त्यात ‘शुड बी एबल टू सी’ लिहिलंय. बाईंना विचारलं, सरळ ‘विल’ का नाही? त्या म्हणाल्या, ‘विल’ ही हमी झाली. ‘मे’ असतं तर डॉक्टरांनाच खात्री नसती. ‘शुड’ म्हणजे दिसायला हवं, असा त्यांचा अंदाज. गंमत बघ, बाकीचं वाक्य तेच, पण पहिला शब्द बदलला की डॉक्टरांचा धीर बदलतो!

आई मात्र म्हणते, “लख्ख दिसतंय, काळजी करू नगंस.” तुलाही तेच सांगत असणार.

एक कर. निवडायचे तांदूळ सुपात घालून तिच्यापुढं ठेव आणि काही बोलू नकोस. नजरेतून अळी सुटेल आणि भातात शिजेल, या भीतीनं तिनं वर्षभर सुपाला हात लावला नाही. आता आपणहून ओढून घेते का बघ. माझ्या समाधानासाठी आई खोटं बोलेल, पण अळीच्या जिवाशी खेळायची नाही.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेला,
आर्जव