आपलंच घर बघायला गेलो, त्याची हकिकत

मरोळ, अंधेरी (पूर्व),
सोमवार

तीर्थस्वरूप सौ. विमलाताईस,

धाकट्या दत्तारामचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे इथे जागच्या जागी आहोत, तुम्ही तिथे कसे आहात ते कळव. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? प्रेमाचा गुडघा तीन मजले चढता-उतरताना म्हणायचं ते म्हणतोच. तू पाठवलेला फणस पोचला. (अर्धा पोचला. गावच्या बाळाने तो गाडीतून आणला आणि कुर्ल्याला उतरेपर्यंत निम्मा डब्यात वाटून टाकला. आपल्याकडच्या माणसाला फणस एकट्याने सांभाळता येत नाही, त्याला तो तरी काय करणार.) आता तू म्हणशील, फोन सोडून हा पत्र लिहायला का बसला? फोनवर बोललो की प्रेमा बाजूला उभी राहून माझी वाक्यं दुरुस्त करते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर आमचा देवेश वाचतो, कारण माझा फोन त्यानेच घेऊन दिलाय आणि अर्धाअधिक तोच चालवतो. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, नक्की पत्रच पाठवायचंय ना.

गोष्ट अशी की देवेशच्या मनात हे घर विकायचं आहे. वाईट मनाने नाही गं. लिफ्ट नाही, आईचा गुडघा, पावसाळ्यात भिंतीला ओल, पोराचं सगळं बरोबर आहे आणि हीच तर पंचाईत आहे. ठाण्याला त्याच्या शेजारचाच फ्लॅट त्याने आमच्यासाठी बघून ठेवलाय. आधी बाजारभाव काढून घ्या म्हणाला. त्यासाठी एक माणूस येतो, घर बघतो, कागद देतो आणि आठ हजार रुपये घेतो. मी म्हटलं, ज्या घरात मी बेचाळीस वर्षं काढली, त्याची किंमत अर्धा तास आलेला माणूस मला सांगणार आणि वर पैसे मीच देणार? त्यापेक्षा मी फुकटात काढतो. बाबांनी घर तुझ्या नि माझ्या दोघांच्या नावावर केलंय, तुझ्या सहीशिवाय ते विकता येत नाही, तेव्हा झालेला सगळा प्रकार तुला कळायला हवा.

सुरुवात मापापासून केली. कपाटात तुझी शिवणाची टेप सापडली, लग्नाआधी तू गॅलरीत मशीन टाकून ब्लाउज शिवायचीस तेव्हाची. दोन दिवस पलंगाखाली, कपाटामागे शिरून त्या टेपने घर मोजलं. बाबांच्या कागदावर चारशे दहा फूट आहे, माझं आलं तीनशे नव्वद. वीस फूट घर गेलं कुठे म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरी श्वेता मॅडमना जाब विचारून आलो, शेजारच्यांनी भिंत सरकवली असावी असंही सुचवून आलो. (शेजारी आता माझ्याशी बोलत नाहीत.) शेवटी श्रुतिकाने, म्हणजे आमच्या नातीने, शाळेची पट्टी लावून दाखवलं की टेप ताणून ताणून दीड इंच वाढलीय. कुणाकुणाची मापं घेतलीस गं तू तिने? पण खरं सांगू, मला दोन्ही आकडे खोटे वाटतात. मे महिन्यात गावची माणसं आली की आपण अकरा जण या घरात झोपायचो. आई ओट्याखाली डोकं घालून, बाबा दारात आडवे, आणि तू गॅलरीत मशीनला टेकून. कुणी कधी जागा नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. तेव्हा हे घर नक्की मोठं होतं.

मग ठरवलं, बाजारभाव बाजारातच विचारावा. साकीनाक्याच्या धवल नावाच्या एजंटला फोन करून सांगितलं, मला घर विकायचंय, किती येतील? तो म्हणाला, एक कोटी पंधरा लाख. पण विकणाऱ्याला एजंट चढवून सांगतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मिथुन नावाच्या दुसऱ्या एजंटला फोन केला आणि सांगितलं, मला मरोळमध्ये जुन्या बिल्डिंगीत घर घ्यायचंय, कितीला मिळेल? तिथे नाव भावोजींचं दिलं. (त्यांना हे सांगू नकोस.) मिथुन म्हणाला, रविवारी साडेदहाला नाक्यावर या, झकास घर दाखवतो. आता या धंद्यात एक रीत आहे. घर कुठलं ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं नाही, नाहीतर गिऱ्हाईक परस्पर मालकाला गाठतं आणि दलाली बुडते. त्यामुळे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्याच दिवशी अकरा वाजता धवल गिऱ्हाईक घेऊन आमच्याकडे येणार होता. मी हिशेब केला, साडेदहाला कुणाचं तरी घर बघू आणि अकराला घरी येऊन मालक म्हणून बसू.

मिथुनने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि हवा दाखवायला आधी आरे कॉलनीच्या रस्त्याने फिरवून आणलं. तिथून वळून तो ज्या गल्लीत शिरला ती मला ओळखीची वाटली, पण मरोळच्या गल्ल्या सगळ्या सारख्याच. गेटवर आमच्या वॉचमनने मला सलाम ठोकला तेव्हा मला कळलं, ते झकास घर म्हणजे आपलंच. मिथुन खूश होऊन म्हणाला, “बघा साहेब, इथला वॉचमनपण कसला मॅनरवाला आहे.” गेटात धवल उभाच होता. दोघांनी एकमेकांना आपापला माणूस मिळवून दिला होता, धवलने मालक आणि मिथुनने गिऱ्हाईक, आणि दोन्ही माणसं मीच होतो. तिथेच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं हे मला कळतं, पण ते दोघे जिना चढायला लागले आणि तीन मजले चढून झाल्यावर माझ्यात बोलण्याइतका दम उरला नाही.

दार प्रेमाने उघडलं. तिने धवलकडे बघितलं, मिथुनकडे बघितलं, मग त्यांच्या मागे धापा टाकणाऱ्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “या, बसा.” मालक कुठे आहेत म्हणून धवलने विचारलं, तर म्हणाली, “गेलेत खयतरी. त्यांचो काय भरवसो नाय.” मला पाहुण्यांच्या ग्लासातून पाणी मिळालं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मग तिने मला माझं घर दाखवलं. ही खोली, ही मोरी, ही गॅलरी. गॅलरीत लाद्यांना तुझ्या मशीनच्या पायांचे चार खळगे आहेत ना, त्यावर मिथुन म्हणाला, टाइल्स काय, बदलून टाकायच्या. ताई, मी त्या खळग्यांवरून रोज चालतो, पण ते मी काल पहिल्यांदा बघितले.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. मासळी बाजारात आईच्या पदराला धरून वाढलेला माणूस मी, समोरच्याने भाव सांगितला की माझं तोंड आपोआप सुटतं. धवल म्हणाला, एक पंधरा. मी म्हटलं, ओल बघितलीत का, दोन लाख कमी करा. लिफ्ट नाही, त्याचे तीन लाख कमी करा. मग ओट्यापाशी गेलो. तिथे कडप्प्यावर आई नारळ फोडायची तो खड्डा आहे. मी त्यात बोट घालून म्हटलं, हे काय, पन्नास हजार कमी करा. प्रेमा माझ्याकडे बघत होती आणि मला एकदम कळलं की मी आईच्या हाताचे पन्नास हजार कापून घेतले. मला फार लाज वाटली. तेवढ्यात धवल म्हणाला, एक कोटी साडेनऊला मालकांना विचारून बघतो, आणि त्याने मालकांना फोन लावला. तो माझ्या खिशात वाजला.

प्रेमाच म्हणाली, “उचला तो फोन. मालक तुमीच, गिऱ्हाईक पण तुमीच, जमता तर बघा.” मिथुन हसत सुटला. धवल मात्र दुखावला. “काका, माझा संडे खराब केला ना तुम्ही,” एवढंच म्हणाला. दोघांनी चहा आणि तुझ्या फणसाचे गरे खाल्ले आणि गेले. तर सांगायचं असं की आपल्या घराची किंमत एक कोटी साडेनऊ ते एक कोटी पंधरा लाखांच्या दरम्यान आहे, त्यातलं अर्धं तुझं. नीट विचार करून काय ते ठरव. भावोजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ताराम

ता. क. देवेश येत्या शनिवारी कागद घेऊन तुझ्याकडे सहीला येतोय. त्याला तुझ्या हातचं तिसळ्यांचं सुकं खाऊ घाल, पोर तुझी आठवण काढतं.

आणखी ता. क. खाऊ घाल, पण सही करू नकोस. काहीही कारण सांग, किंवा नुसतं नाही म्हण, ते तुला लहानपणापासून छान जमतं. मला त्याला नाही म्हणवत नाही, कारण त्याचं काहीच चुकत नाही. मागून मी त्याच्यासमोर तुझ्या नावाने बोटं मोडीन, ताई पहिल्यापासून अशीच हट्टी म्हणेन, ते मनावर घेऊ नकोस. प्रेमाला विचारलंय. ती म्हणाली, गुडघा काय, ठाण्यालाही माझ्याबरोबर येणारच आहे.

शेवटचं. तुला खरोखर पैशांची गरज असेल, तर मात्र सही कर, मी एक शब्द बोलणार नाही. हे तुला सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. बाबांनी कागदावर तुझं नाव घातलं, तेव्हा लग्न झालेल्या पोरीला मुंबईत घर कशाला म्हणून मी वर्षभर तुझ्याशी बोललो नव्हतो. तू गणपतीला आलीस आणि मी तुला गाडीवर सोडायलासुद्धा आलो नाही. आज मी एकटा मालक असतो, तर देवेशच्या पहिल्याच शब्दाला सही करून बसलो असतो. घर अजून आहे ते तुझ्या नावामुळे. तेव्हाची माफी मागायची राहून गेली होती, ती आज मागतो. बाकीचं पत्र विसरलीस तरी चालेल.