एलईडी खातो तरी किती

३ नोव्हेंबर
फिशटँकच्या झाकणातल्या दोन्ही ट्यूब आज निकालात काढल्या. चोकसकट झाकणच माळ्यावर टाकलं. आता काठाला अडकवायचा एलईडी. महिन्याला अठरा युनिट वाचणार, हिशेब शेंबड्या पोरालाही कळेल. बायकोला कळला नाही. नाही वाचले तर काय, म्हणाली. मी हसलो. तर म्हणे, बिल वाढलं तर टँक माझ्या भावाकडे जाईल. मेहुण्याला मासा फक्त ताटातला कळतो. तरी कबूल केलं, हरण्याचा प्रश्नच नाही.

६ नोव्हेंबर
एलईडी चिमणीएवढं खातो. मग दहाच तास कशाला? चोवीस तास चालू ठेवलाय. ऑफिसात कॅशियरला अर्धा तास हे सगळं समजावलं. तो जांभया देत होता. गाढवापुढे वाचली गीता.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७
टँकची काच हिरवीगार. शेवाळ. म्हणजे प्रकाश उत्तम आहे. पाण्यातल्या हीटरचा लाल दिवा मात्र विझतच नाही, पूर्वी मधूनमधून विझायचा. दिवा बिघडला असणार.

१९ नोव्हेंबर
ब्रश आणायला माशांच्या दुकानात गेलो. नव्या एलईडीचं कौतुक सांगितलं, तर दुकानदारानं न मागता अक्कल शिकवली. झाकण काढलंत, चोकची ऊब गेली, पाणी गार पडतं, हीटरला उसंत कुठली? याला झाकणं खपवायची असतात. झाकण माझ्या घरी माळ्यावर आहे, असं ठणकावलं. तर म्हणाला, मग लावा की. उर्मट माणूस.

३ डिसेंबर
बिल आलं. एकोणचाळीस युनिट जास्त. मीटर म्हातारा झालाय. हिनं बिल दोनदा वाचलं आणि भावाला फोन लावला. तो रविवारी टेम्पो घेऊन येतोय.

५ डिसेंबर
झाकण परत लावायचं म्हणजे दुकानदारापुढे नाक घासायचं. त्यापेक्षा हीटरच बंद केला. मासे नदीत काय हीटर लावून राहतात?

६ डिसेंबर, रात्री ९
ऑफिसातून आलो की जो मोठा मासा काचेपाशी येतो, तो आज आला नाही. तळाशी आडवा पडलाय. विश्रांती घेत असेल. जेवण गेलं नाही. मी घाबरलेलो नाही. छे, घाबरलोय.

७ डिसेंबर, रविवार
उठून पाहतो तर टँकवर झाकण, एलईडी बंद, हीटर चालू. हिनं पहाटे स्टुलावर चढून माळ्यावरून झाकण काढलं म्हणे. मला उठवलंही नाही. मासा जरा तिरका, पण पोहत होता. डोळ्यांत पाणी आलं. शेवाळाची अॅलर्जी.

दहाला मेहुणा आला. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता. अशा अवस्थेत हलवला तर मासा दगावेल, असं हिनं त्याला सांगितलं. बिल येईल तेवढं येऊ दे, टँक इथंच राहणार. मी म्हटलं, पाहिलंस, शेवटी माझंच खरं झालं.

ही भावाला म्हणाली, "टेम्पो रिकामा नको नेऊस. यांना घेऊन जा."

मेहुण्यानं मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं आणि घरात जागा नाही म्हणाला.