अर्धा इंच

ती. काका,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच सगळं खरं लिहिते.

तुमच्या दुकानात मापं तुम्ही घ्यायचात आणि कापड मी कापायचे. तीन वर्षं माझा प्रत्येक शर्ट घट्टच झाला. "हिच्याच्यानं हे जन्मात जमायचं नाही," असं तुम्ही गल्लीतल्या सगळ्या शिंप्यांसमोर म्हणायचात, आणि आपलीच माणसं फिदीफिदी हसायची. मग एकदा मी नवी टेप आणून तुम्ही मला कापायला दिलेल्या टेपेच्या शेजारी ठेवली. तुमच्या टेपेचा सुरुवातीचा अर्धा इंच कापून पितळी टोक पुन्हा बसवलेलं होतं; म्हणजे माझं प्रत्येक कापड अर्धा इंच कमीच कापलं जायचं!

मी भांडले नाही. ती टेप उचलून बाहेर पडले. आज माझ्या दुकानात चार मशीनं आहेत.

तुमची सून माझ्याकडे शिकतेय. मापं मी घेते, कापते ती. तिचा हात माझ्याहून साफ आहे. काल एक गिऱ्हाईक माझ्या तोंडावर म्हणालं, "यापुढे माझं कापड हिलाच द्या."

आज सकाळी तिनं कापायला टेप मागितली. मी खणातून तुमचीच काढून दिली. "वन्सं, किती जपून ठेवलीत हो," म्हणत तिनं ती गळ्यात घातली.

आता संध्याकाळ झालीय. पाच शर्ट कापून ती घरी गेली, आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही.

शेवटी तुमच्याच वळणावर गेलेली,
पुतणी