काही झालं नाही म्हणणारी माणसं

बाबा,

तुमचं ते वाक्य आज माझ्या घरात पुन्हा ऐकलं, तुमच्या नातीच्या तोंडून. तुम्ही गेलात तेव्हा माझंच कॉलेज संपलं नव्हतं, त्यामुळे तिने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. आत्ता ती समोरच्या दाराच्या आत आहे. तिच्या पोटाचा स्कॅन चालू आहे आणि मी बाहेर बाकावर बसून फोनमध्ये तुम्हाला लिहिते आहे. हातांना काहीतरी चाळा हवा. तुमचा जावई कावासाकीहून, तिथल्या ऑफिसातून निघालाय. शनिवारीसुद्धा ते ऑफिस त्याला सोडत नाही. "ट्रेनमध्ये आहे" एवढंच लिहितो, आणि पुन्हा थोड्या वेळाने "ट्रेनमध्येच आहे." कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा टोपी हातात धरून बसलाय. अधूनमधून माझ्याकडे बघतो आणि मी बघितलं की मान खाली घालतो. त्याने हिच्या सायकलला गाडीचा धक्का दिला.

तुम्ही इथे जपानला आला असतात तर पहिले काही दिवस खूश झाला असतात. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, हॉर्न कोणी वाजवत नाही, आणि आमच्या निशी-कसाईच्या स्टेशनबाहेर सायकलीच सायकली. बायका पुढे एक, मागे एक मूल बसवून, हँडलला कोथिंबिरीची पिशवी अडकवून आरामात जातात. "आपलं पुणं असंच होतं," असं तुम्ही दहा वेळा म्हणाला असतात. मलाही तसंच वाटलं होतं. मग हळूहळू या शांततेची भीती वाटायला लागली. आपल्याकडे मागून काय येतंय ते कानाला आधी कळायचं. टेम्पो, रिक्षा, पीएमटी, सगळ्यांचा आवाज निराळा. इथे मागून येणारी गाडी खांद्याशी आली तरी पत्ता लागत नाही. ट्रक तेवढे वळताना बोलतात. रेकॉर्ड केलेला गोड बायकी आवाज असतो: डावीकडे वळत आहे, कृपया काळजी घ्या. आमच्या मोठ्या रस्त्याच्या चौकात कठड्याला कोणीतरी फुलं बांधतं आणि खाली थंड चहाची बाटली ठेवतं. फुलं सुकली की नवी येतात. कोण गेलं ते मी कधी विचारलं नाही, पण तो आवाज तेव्हाही तसाच गोड लागला असेल, असं दर वेळी मनात येतं.

इथे तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी फुटपाथवरून सायकल चालवली तर चालते. तेरा पूर्ण झाली की, पाटी लावलेले थोडे फुटपाथ सोडले तर, खाली रस्त्यावर उतरायचं. डाव्या कडेला निळे बाण रंगवलेले असतात, तेवढीच काय ती सायकलवाल्याची जागा, आणि त्या बाणांवरच सामान पोचवणाऱ्या गाड्या उभ्या असतात. त्यांना वळसा घालायचा तर आत, गाड्यांच्या मध्ये शिरावं लागतं. गाडीवाले म्हणतात सायकली फुटपाथवर जाऊ देत, चालणारे म्हणतात रस्त्यावर जाऊ देत. दोघंही मोठ्याने म्हणत नाहीत, नुसते त्रासिक चेहऱ्याने बघतात. गेल्या महिन्यात हिला तेरा पूर्ण झाली. केक कापला, मेणबत्त्या विझवल्या आणि दुसऱ्या दिवशी बाई शहाण्यासारख्या रस्त्यावर उतरल्या. "अगं, जा वरूनच, कोण तुझा वाढदिवस विचारतंय?" मी म्हणाले. तर मलाच ऐकवलं, "आई, दॅट्स चीटिंग. रूल आहे ना?" नियम म्हटला की ही पोरगी कोणाचं ऐकतच नाही. त्या दिवसापासून ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

जूनमध्ये तिच्या शाळेने पालकांना बोलावलं होतं. मैदानात मुलं रांगेत मांडी घालून बसलेली, आम्ही मागे खुर्च्यांवर. पोलीस आले होते आणि सोबत स्टंट करणारी माणसं. खरी गाडी, खरी सायकल. मुलांना रस्त्याची भीती कळावी म्हणून ती माणसं त्यांच्यासमोर अपघात करून दाखवतात. इथे ही पद्धतच आहे. एक तरुण सायकलवरून मजेत आला, गाडी बाजूने आली आणि तो धप्पकन आवाज! तो बॉनेटवरून उडाला आणि मातीत पडला. "अगं आई गं!" म्हणून मी किंचाळून उभीच राहिले. अख्ख्या मैदानात तेवढाच आवाज. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि तेवढ्यात तो उठला, गुडघे झटकले, कमरेत वाकून मुलांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या. बाबा, तो पडला तेव्हा मला भीती वाटली, पण तो उठून गुडघे झटकायला लागला तेव्हा मला ते बघवेना. मी खाली बसले आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

मग पोलिसांनी माईकवरून एकच गोष्ट घोळून घोळून सांगितली. गाडीचा धक्का लागला आणि तुम्हाला काही वाटलं नाही, तरी 'दाइजोबु' म्हणून घरी निघून जायचं नाही. दाइजोबु म्हणजे मी ठीक आहे, काही झालं नाही. थांबायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं, पोलिसांना सांगायचं. मुलांकडून ते एका सुरात म्हणवून घेतलं. आपलं रत्नही म्हणत होतं. घरी येताना मात्र माझ्यावर चिडलेली. "तू का ओरडलीस? त्यांना प्रॅक्टिस असते. हाझुकाशी!" म्हणजे तिला माझी लाज वाटली. तिला काय सांगणार होते मी?

ड्रॉइंगच्या ऑफिसातून तुम्ही रोज दिवेलागणीच्या आत यायचात. पॅंटीला घोट्याशी क्लिपा, खांद्याला झोळी. सायकल जिन्याखाली लावायच्या आधी फडक्याने पुसायचात. मला पहिली लेडीज सायकल तुम्हीच आणलीत, मी हिच्याच वयाची असताना, आणि महिना झाला नाही तोच एका स्कूटरवाल्याने मागून ठोकली. मी भर रस्त्यात त्याला फाडफाड बोलले. तुम्ही मागून आलात आणि त्याच्यासमोर मलाच म्हणालात, "आधी सॉरी म्हण. लोकांशी हुज्जत घालायची नाही." मी म्हटलं सॉरी. डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. नंतर कोपऱ्यावर उसाचा रस पाजलात, तरी ते सॉरी मनात सलत राहिलं ते राहिलंच.

आणि तो दिवस. तुम्ही नेहमीच्या वेळेला आलात. पॅंटीच्या गुडघ्याला माती, सायकलचं हँडल वाकडं. आईने विचारलं, काय झालं? "एका टेम्पोचा जरा धक्का लागला. काही झालं नाही." मग हसून सांगत बसलात, की पोरसवदा ड्रायव्हर होता, लोक जमले, त्याला मारायलाच निघाले होते, तो चळाचळा कापत होता. तुम्ही मध्ये पडलात आणि म्हणालात, सोडा त्याला, मला काही झालेलं नाही. गुडघे झटकलेत आणि सायकल हाताने ढकलत घरी आलात. आईने चहा टाकला. तुम्ही अर्धा प्यालात आणि म्हणालात, नको वाटतोय. पोटात जरा दुखतंय, पडतो. तुम्ही आडवे झालात आणि आम्ही टीव्ही हळू केला. हॉस्पिटलात नेईपर्यंत रिक्षात तुमचे हात गार पडले होते. आत रक्तस्राव झाला होता, डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर वाचले असते.

त्या टेम्पोवाल्याला हे कधी कळलंच नाही. त्याने दुसऱ्या दिवशी मारुतीला नारळ फोडला असेल, आणि आजही कुठेतरी तो आपल्या पोरांना सांगत असेल की एक देवमाणूस भेटला होता. मी मात्र इतकी वर्षं मनातल्या मनात त्याला गाठून बोलत आले. भाजी निवडताना, ट्रेनमध्ये उभी असताना. काय काय बोलायचं ते सगळं पाठ आहे माझं. आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं तुम्हाला उद्देशून आहे. कोण कुठला तो पोरगा, त्याला वाचवायला तुम्ही आम्हाला उघड्यावर टाकलंत.

आज दुपारी ही बॅडमिंटनहून आली, हात धुतले, वरणभात घेऊन बसली. मी फोन बघितला तर बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज: खाली पोलीस आलेत, पिवळं हेल्मेट घातलेल्या एका इंडियन मुलीला गाडीचा धक्का लागलाय, ती न थांबता निघून गेली, ड्रायव्हरने स्वतःच चौकीत जाऊन सांगितलंय, सगळ्यांच्या मुली ठीक आहेत ना? मी हिच्याकडे बघितलं, लिहिलं, "आमची घरी आहे, जेवतेय," आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. कोणाची गं असेल बिचारी, असं म्हणत उठले. दारात चपलांपाशी तिचं हेल्मेट पडलं होतं. पिवळं. आधीचं हिरवं मोडलं म्हणून वाढदिवसाला नवं घेतलेलं, आणि त्याची एक बाजू पार खरवडून निघालेली.

मी वळले तेव्हा ताटात अर्धा भात तसाच होता. "बास?" मी विचारलं.

"भूक नाही."

"कुठे लागलं तुला?"

"दाइजोबु."

"मराठीत सांग!" मी एवढ्याने ओरडले की तिच्या हातातला चमचा पडला.

"काही झालं नाही, आई."

बाबा, तोच स्वर. मी तिचा टीशर्ट वर केला. पोटावर, जिथे हँडल रुतलं होतं तिथे, गोल लाल वळ. मी चप्पल न घालता खाली धावले आणि त्या पोलिसाला म्हणाले, माझीच आहे. त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. वाटभर मी तिचा हात धरून विचारत होते, शाळेत काय म्हणवून घेतलं होतं तुमच्याकडून? का नाही थांबलीस? ती मग म्हणाली, "व्हॅन उभी होती म्हणून मी बाहेरून गेले. मागून लागलं. गाडीतला म्हातारा ओजीसान रडायलाच लागला, आई. ही वॉज शेकिंग. सारखा सॉरी म्हणत होता, लोक बघत होते. मला बिचारा वाटला तो." मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "पोट दुखतंय थोडं." तुम्हाला न पाहिलेल्या मुलीत तुम्ही हे कसं ठेवून गेलात? मी तर कधी शिकवलं नाही. की शिकवलं? ट्रेनमध्ये तिचा पाय कोणी तुडवला तरी तिलाच सॉरी म्हणायला लावणारी मीच होते.

म्हातारा इथे पोलिसांचं लिहून झाल्यावर आला. सत्तरीच्या पुढचा असेल, अंगात पार्सल पोचवणाऱ्यांचा निळा शर्ट. मघाशी तो उठून माझ्यापर्यंत आला. मी ठरवलं होतं की आता बोलायचं. इतक्या वर्षांचं पाठ केलेलं, त्या टेम्पोवाल्याला म्हणायचं राहिलेलं सगळं याला ऐकवायचं, तोडक्यामोडक्या जपानीत का होईना. तो कमरेत वाकला तो वाकलेलाच राहिला. टोपी दोन्ही हातांनी धरलेली. "तुमची मुलगी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. हा माणूस पळून जाऊ शकला असता. तिने तर त्याला सोडून दिलं होतं, तुम्ही सोडलंत तसं. तो स्वतःच्या पायांनी चौकीत गेला म्हणून ती आत्ता पलंगावर पडून राहिली नाही, या दाराच्या आत आहे.

हे पत्र फोनमध्येच राहील. कोणाला पाठवू? तुमच्यावरचा राग गेला असंही नाही, आणि आज तिला काही झालं तर तो कधीच जायचा नाही. पण एक सांगून टाकते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. डॉक्टर अजून बाहेर आलेले नाहीत. स्कॅनमध्ये काय आहे ते मला माहीत नाही. आणि तरी तो म्हातारा तसा वाकून उभा राहिला तेव्हा मी त्याचा दंड धरून त्याला सरळ केलं आणि म्हणाले, दाइजोबु. काही झालं नाही.