पूल मोकळा

४ मार्च

लग्नाला जेमतेम आठवडा झालेला. सकाळ. स्टोव्हवर दूध, बादलीत कपडे भिजलेले, फरशी अर्धी पुसून झालेली, आणि मी ओलं फडकं हातात घेऊन न्हाणीघराच्या दाराशी — "झालं का मोकळं?"

कडी निघाली. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला साबण. म्हणाले, "मोकळं नाही म्हणायचं. रिकामं झालं का, असं विचार. नाहीतर आत कोणी आहे का, असं विचार." मला हसू फुटलं. ह्यांना नाही. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विषय तिथेच राहिला.

पुढे सत्तेचाळीस वर्षं संसार झाला. तो शब्द ह्यांच्या तोंडी एकदाही आला नाही. मी केस मोकळे सोडले तर म्हणायचे, "आज केस सोडलेत वाटतं." मी म्हणे, माणूस म्हटलं की एखादं खूळ असायचंच. लोकांच्या नवऱ्यांना दारू सोडवत नाही, माझ्या नवऱ्याने एक शब्द सोडलाय — बिघडलं कुठे!

आज हे आठवायचं कारण, सूनबाईने हातात पाकीट ठेवलं. म्हणाली, "आई, दिवसभराची सहल आहे. सकाळी युद्धातली भुयारं, दुपारी बोटीतून नदी. बरोबर माहिती सांगणारा माणूस असतो. किती दिवस त्या खुर्चीत बसून काढणार? जाऊन या, मन मोकळं होईल."

पोर मनाने चांगली आहे. पण पाकिटावर चित्र होतं तुटक्या पुलाचं. आणि ह्यांनी जन्मात मला एकच मनाई केली होती — त्या नदीवर जायचं नाही. मुलाच्या शाळेची सहल तिकडे निघाली, तर ताप नसताना त्याला ताप आणला! युद्धात हे तिथे होते, टेलिफोनच्या तुकडीत. एवढंच मला ठाऊक. पुढचं विचारलं की उठून गॅलरीत जायचे.

पाकीट कपाटात ठेवलं. कपाटाकडे पाठ करून बसले आहे.

५ मार्च

नाही जायचं. गुडघा दुखतो म्हणून सांगेन.

६ मार्च

सांगितलं. सूनबाई म्हणाली, "कुठला, आई? उजवा की डावा?" मी म्हटलं उजवा. "परवा तर डावा होता." — ही वकील व्हायची, चुकून आमच्या घरात पडली.

मुलगा जेवताना म्हणाला, "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आई. आता तरी…" पुढचं गिळून टाकलं. आता तरी काय? दोन वर्षांत दुःख कमी होतं असं कोणी सांगितलं ह्याला? ते काही कमी होत नाही. सवयीचं होतं, एवढंच. चष्म्यासारखं — नाकावर आहे हे विसरायला होतं, पण सगळं त्यातूनच दिसतं.

८ मार्च

वाचनालयात गेले. मी वाचायला शिकले तिशीत, शिवणाच्या दुकानात, कापड गुंडाळून यायचं त्या वर्तमानपत्रांवरून. अजूनही बोट ठेवून वाचते. लाज नाही वाटत. बोट ठेवलं की ओळ निसटत नाही.

युद्धावरचं जाड पुस्तक मागितलं. त्या पुलावर सगळं मिळून एक वाक्य. "माघारीच्या वेळी निरोप समजण्यात चूक झाली व पूल उडवला गेला तेव्हा त्यावर एकतीस गावकरी होते."

बोट 'निरोप' ह्या शब्दावर आलं आणि तिथेच राहिलं.

आमच्या घरात निरोपाचा एक कायदा होता. कोणीही निरोप आणला की हे म्हणायचे, "आता तेच दुसऱ्या शब्दांत सांग." मुलगा पाच वर्षांचा असताना दारातून ओरडायचा, "काकू आल्या! म्हणजे काकू आपल्या दारात उभ्या आहेत!" शेजारीण म्हणायची, तुमच्या घरी निरोपालासुद्धा जुळं होतं. आम्ही सगळे हसायचो. पुढे घरात फोन आला, पण ह्यांनी तो कधी उचलला नाही. त्यालाही हसायचो.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "घरी नेताय का हे पुस्तक?" मी "नको!" म्हणाले — इतक्या मोठ्याने की पेपर वाचणाऱ्या दोघांनी माना वर केल्या.

९ मार्च

टेलिफोनच्या तुकडीत हे एकटेच थोडे होते? पाच-पंचवीस तरी असतील. दिवसही दुसरा असेल. कपडे वाळत घालताना हेच घोकत होते. तोच शर्ट दोनदा झटकला.

१० मार्च

जाते. घरात बसले तर ते वाक्य रोज वाचल्यासारखं डोळ्यांपुढे येणार. न जाण्याची भीती आता जास्त झाली आहे.

ह्यांचा शब्द पहिल्यांदाच मोडते आहे.

११ मार्च, सकाळी

बस साडेसातला. डबा भरला. छत्री घेतली, ठेवली, परत घेतली. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही सहलीला चाललात की परीक्षेला!

१२ मार्च

काल लिहिणं झालं नाही. पेन धरवत नव्हतं. आज क्रमाने लिहिते, नाहीतर गुंता व्हायचा.

बसमध्ये वीसेक माणसं. माहिती सांगणारा पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचा, सगळे त्याला मास्तरच म्हणत होते. हातात पिवळा झेंडा. माझ्या पुढच्या बाकावर एक जोडपं. नवऱ्याला सगळं माहीत. मास्तर तारीख सांगणार तोच हा आधी सांगणार. शेवटी बायको मागे वळून मला म्हणाली, "युद्ध झालं तेव्हा हे पहिलीत होते, ताई. पण लढाई सगळी ह्यांनीच केली!" मी हसले. कुठे चालले आहे ते माहीत असून हसले. माणूस कसा असतो!

भुयार अरुंद, ओल आलेलं. भिंतींना जखमी ठेवायच्या फळ्या, एकावर एक. लोक फोटो काढत होते. एका टेबलावर लाकडी पेटीतला टेलिफोन, बाजूला फिरवायचा दांडा. मास्तर म्हणाले, "ह्यावरून सगळे हुकूम जायचे. या आजी, तुम्ही घ्या कानाला!"

का मीच? बहुतेक सगळ्यांत म्हातारी मीच होते म्हणून. रिसीव्हर जड, ओल्या दगडासारखा. त्यांनी दांडा फिरवला. "काही ऐकू येतंय?"

"नाही."

"बावन्न वर्षं उशीर केलात, आजी!"

सगळे हसले. माझी बोटंच उघडेनात. ह्यांची बोटं अशीच ह्याच्यावर होती, असं वाटलं आणि सुटेनात. पुढच्या बाकावरच्या बाईने एकेक बोट सोडवून तो काढून घेतला आणि हळूच म्हणाली, "बाहेर चला, इथे हवा कोंदट आहे."

जेवण नदीकाठी. डबा उघडला, तसाच बंद केला.

मग बोट. बोट चालवणारी बाई साठीची, उन्हाने रापलेली, बाह्या दुमडलेल्या. तिने माझ्या अंगात ते फुगीर जाकीट चढवलं, पट्टे ओढले. "घट्ट होतंय का, ताई?" हात कामाचे, पण हलके. बरी वाटली मला ती.

नदी फार सुंदर आहे. दोन्ही अंगांना उभे कडे, मधे हिरवं, स्वस्थ पाणी, एका पायावर उभे बगळे. वळणावळणावर लोक "अहाहा" करत होते. मला राग आला. वाटलं, ही जागा कुरूप असायला हवी होती. निदान पाणी तरी गढूळ!

चौथ्या वळणावर ते खांब दिसले. दगडी, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे काही नाही. तिने इंजिन बंद केलं. आणि मास्तरांनी सांगितलं ते असं —

आपलं सैन्य मागे हटत होतं. अलीकडच्या काठावर आलं की पूल उडवायचा, असा हुकूम. सुरुंग लावून तयार. पण पलीकडच्या गावची माणसं अजून यायची होती, आणि पुलावर एक मालगाडा उलटून वाट अडलेली. रात्रीच्या काळोखात माणसं झाडीत खोळंबून बसली. पलीकडच्या चौकीवरून अलीकडे टेलिफोन. दोन तासांनी गाडा बाजूला ढकलला गेला. चौकीवरून निरोप आला. दोनच शब्द.

"पूल मोकळा."

"पलीकडच्याला म्हणायचं होतं," मास्तर म्हणाले, "वाट मोकळी झाली, माणसं निघालीत. अलीकडे ऐकणाऱ्याने घेतलं, पुलावर आता कोणी नाही. त्याने तसं साहेबाला सांगितलं. साहेबाने हात खाली केला, पूल उडाला. शब्द एकच, मंडळी."

मी ओरडले नाही. चक्करही आली नाही. फक्त अर्ध्या तोंडाला साबण लावलेले हे समोर उभे राहिले. पंचवीस वर्षांचे. आणि मी हातात फडकं घेऊन हसते आहे.

मास्तरांनी माईक बोटवालीकडे दिला. रोज देत असणार. ती म्हणाली, "माझी आई त्या एकतीस जणांत होती. मी नऊ वर्षांची. मी मागे राहिले होते." एवढंच. माईक परत.

पुढच्या बाकावरचा तो सर्वज्ञ म्हणाला, "ऐकणारा बहिरा असणार!" दोघं-तिघं हसले. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

बोटवाली म्हणाली, "बहिरा नव्हता. जे बोललं गेलं तेच ऐकलं त्याने."

"कोण होता तो, कळलं का कधी?" कोणीतरी विचारलं.

"पलीकडून बोललं कोण, अलीकडे ऐकलं कोण, कुठल्याच कागदावर नाही," मास्तर म्हणाले.

"मला बघायचाय तो," बोटवाली म्हणाली. "एकदा." आणि इंजिन असं हिसक्याने चालू केलं की सगळे मागे आदळले.

मी जाकिटात हनुवटी खुपसून बसले. वाटत होतं, माझ्या कपाळावर लिहिलेलं आहे आणि ती वाचते आहे. उतरताना तिने हात दिला. "हात किती गार, ताई!"

"वारा आहे ना," मी म्हणाले. वाऱ्याचं नाव नव्हतं. पानही हलत नव्हतं.

१३ मार्च

सूनबाई विचारते, "मग? झालं का मन मोकळं?" कपबशी हातातून सुटली. कप वाचला, बशी गेली. मी म्हटलं, पाय दुखतायत.

दिवसभर भीती. दार वाजलं तरी दचकते. सांगितलं तर काय होईल, ते एकेक दिसतं. मुलगा बाबांचा फोटो पुसतो, त्याचा हात थांबेल. मास्तर रोज सहलीत नाव घेतील. रोज वीस माणसं नुकतंच जेवून नदीवर ह्यांचं नाव ऐकतील, आणि एखादा शहाणा हसेल. ह्यांनी पन्नास वर्षं ओठ मिटून जपलं ते मी दोन दिवसांत चव्हाट्यावर मांडू? आणि ती बाई. तिला बघायचाय तो. कशासाठी? थुंकायला? तिचा हक्कच आहे. मग मी पुढे उभी राहू? आता दुसरं उरलंच आहे कोण!

ह्यांचाही राग येतो. सत्तेचाळीस वर्षं शेजारी झोपलात आणि मला एवढंही नाही सांगितलं. मी काय टाकून गेले असते? मग वाटतं, सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते — "जाऊ द्या हो, मन मोकळं करा"?

नाही सांगायचं. तोंड शिवून घ्यायचं. शिवणकाम तर मला येतं.

ठरलं.

तरी एक वाक्य टोचत राहतं. 'जे बोललं गेलं तेच ऐकलं त्याने.' मरणारी आई हिची, आणि बाजू त्याची घेते. आणि इतक्या खात्रीने? मास्तर तर म्हणाले, कुठल्याच कागदावर नाही.

१५ मार्च

काल सकाळच्या साध्या बसने गेले. एकटी. घरी सांगितलं, वाचनालयात जाते.

सहल यायला वेळ होता. ती काठावर बोट धूत होती. बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. अलीकडे ऐकणारे माझे यजमान होते. आता नाहीत. बघायचंच असेल तर मी आहे.

तिच्या हातातला ब्रश थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पलीकडून बोलले ते माझे वडील."

"मी त्यांच्याजवळ चौकीत होते," ती म्हणाली. "म्हणून मागे राहिले. हे मास्तरांनाही माहीत नाही."

दुसरा ब्रश बादलीत होता. मी बाह्या दुमडल्या आणि तिच्याबरोबर बोट धुतली.