बाबा, नाला मी पार केला

प्रिय बाबा,

रागातच लिहायला बसले आहे. काल तुमची जीप घेऊन रामटेकच्या पलीकडच्या तुमच्या त्या तलावावर जाऊन आले. हो, मीच चालवली!

दवाखान्यात भरती केल्यावर तुम्ही म्हणालात, "जीप विकून टाका. घरात चालवनारं कोन आहे?" मी उशाशीच उभी होते, बाबा. त्याआधी महिनाभर रोज धंतोलीला डॉक्टरांकडे त्याच जीपमधून तुम्हाला कोण नेत होतं? तेव्हा वाटलं, आजारी माणसाशी काय भांडायचं? तुम्ही गेलात, आता भांडते.

तीस वर्षं तुम्ही गळ घेऊन तिकडे जायचात. आई म्हणायची, "मले बी दाखवा एकदा." तुमचं ठरलेलं उत्तर, "तो रस्ता बायकांच्या कामाचा नाही." म्हणून काल आईला शेजारी बसवलं. वाट दाखवायला मागे तुमचे मासेमारीचे जोडीदार, ढगेकाका.

रस्ता वाईट आहे, कबूल. जंगलातली धोंड्यांची चढण, त्यात खोल चाकोऱ्या. नाल्यात तर मागचं चाक घसरलं आणि गाडी आईच्या बाजूला कलली. काका ओरडले, "उतर वं पोरी, मी काढतो!"

"तुम्ही उतरा काका," मी म्हटलं. "आई, तूही."

आई उतरली, पण काकांना म्हणाली, "काहून घाबरवून राहिले तिले? चालवू द्या."

गुडघाभर पाण्यात उतरून मी तळ चाचपला. तिघांनी मिळून चाकाखाली दगड रचले. मग फोर-बाय-फोर लावलं, खालचा गिअर टाकला, ब्रेकला पायच लावला नाही. गाडी गुरगुरली, एकदा मागे सरकली, आणि चढली! पुढच्या वाटेवर काकांनी मला "डावीकडून घे" एवढंसुद्धा सांगितलं नाही.

मासा एकही लागला नाही. आई मात्र पाण्यात पाय सोडून कितीतरी वेळ बसली. मग म्हणाली, "एवढं चांगलं पानी, अन् हा मानूस एकटाच पाहत होता!" आणि रडली. आठवणीनं की रागानं, मी विचारलं नाही. एकदा तरी तिला का नाही नेलंत, बाबा?

जीप विकणार नाही. तुम्ही सांगून गेलात तरी नाही. येत्या सुट्टीला मोकळ्या मैदानात आईला क्लच-गिअर शिकवायला घेते. एक दिवस त्या नाल्यातून गाडी ती काढेल आणि शेजारी मी बसेन. हा माझा शब्द.

तुमच्याइतकीच हट्टी,
माधुरी